अठरा डांगऱ्या

भरणीच्या खात्याचा मुकादम मेतवल्ली जिभेचा तिखट. अशा माणसाला दुसऱ्याचं उणं दिसलं की ते पोटात ठेववत नाही, आणि आमचा मेतवल्ली तर ते चहाच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, मीठमसाला लावून वाढायचा. कारखान्यात त्याला सगळे रय्यिस म्हणत. मुकादमाला आमच्याकडे तसंच म्हणतात, आणि त्याला ते ऐकायला फार आवडायचं.

मागच्या वर्षी अलेक्झांड्रियाहून डॉक्टर शाहिनाझ आल्या होत्या. आमचा कारखाना तणनाशक बनवतो. भात आणि गव्हातलं तण मारायची ती पांढरी पावडर कामगारांच्या अंगात किती जाते, हे मोजायचं त्यांचं काम. कमरेला पंप, गळपट्टीला गाळणी, डांगरीवर जागोजागी चिकटवलेल्या कापडी पट्ट्या, आणि शेवटी लघवीची बाटली. तेव्हा लुत्फीचा आकडा जास्त आला. लुत्फी साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला एक हंगामभर खात्यातून काढून गेटवर बसवलं, आणि तो जाताना मेतवल्ली चहाच्या खोलीत म्हणाला, "लुत्फी, संध्याकाळी जरा माझ्या बरसीमच्या, त्या चाऱ्याच्या तुकड्यात चक्कर मारून ये रे. बांधाबांधानं उभा राहा फक्त. औषध विकत घ्यायला नको, तण आपोआप जळेल."

खोली हसून लोळली. लुत्फीही हसला, न हसून सांगतो कुणाला? तेव्हापासून पोरं त्याला 'फवारा' म्हणायला लागली आणि तो खात्यात परत आला तरी नाव काही सुटलं नाही.

आता गंमत बघा. त्याच वर्षी मेतवल्लीचा स्वतःचा आकडाही अगदी काठावर आला होता. डॉक्टरबाईंनी त्याला दवाखान्याच्या खोलीत एकट्याला सांगितलं होतं, "रय्यिस, हातमोजे घालत जा. पुन्हा असा आला तर तुम्हालाही हलवावं लागेल." पोत्याचं तोंड शिवताना बोटाला कळावं लागतं, म्हणून मेतवल्ली मोजे घालत नसे. त्यानं मान डोलावली, बाहेर आला आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्यातली गत.

यंदा डॉक्टरबाई पुन्हा येणार असं कळलं, तेव्हा त्याला पहिलं गेट आठवलं. गेटवर बसायचं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. लुत्फीला त्यानंच दाखवून दिलं होतं.

पण बाहेरून तो तालेवार. म्हणाला, "पाहुणे येणार तर घर झाडून घ्यायला हवं. माझ्या खात्यातली माणसं अलेक्झांड्रियाच्या बाईसमोर मळक्या डांगऱ्यांत उभी राहणार नाहीत."

खरं तर नियम असा की डांगऱ्या कारखान्याच्या लाँड्रीतच धुवायच्या, घरी न्यायच्या नाहीत. पण लाँड्रीचं यंत्र महिन्यातून दोन आठवडे बंद, आणि चालू असलं तरी कपडे बाहेर येत ते राखाडी, बटणं तुटलेले, कधी दुसऱ्याचेच. मेतवल्लीनं नोकरीच्या पहिल्या वर्षापासून आपले कपडे घरी नेले. "माझं घर अजून जिवंत आहे," तो बायकोबद्दल म्हणायचा, "माझे कपडे परक्यानं का धुवावे?" त्याचं पाहून बाकीचेही नेऊ लागले. कुणी विचारलं तर काय सांगायचं हेही त्यानंच पढवून ठेवलं होतं. मागच्या वर्षी डॉक्टरबाईंनी विचारलं, कपडे कुठं धुता, तर सगळे एका सुरात म्हणाले, लाँड्रीत, बाई.

तर गुरुवारी पाळी सुटल्यावर मेतवल्लीनं सगळ्या खात्याच्या डांगऱ्या गोळा केल्या. अठरा. दोन पोत्यांत कोंबल्या, तीनचाकीवर घातल्या आणि घरी आणल्या. त्याची बायको दारात उभी होती.

तिचं नाव रतीबा. पण ते नाव गल्लीत कुणी घेत नसे. मोठ्या मुलाच्या नावावरून ती उम्म शौकी, आणि तो अबू शौकी. शौकी कुवेतला होता. पुरुषांच्या बैठकीत मेतवल्ली तिला 'घर' म्हणायचा, फार तर 'शौकीची आई'. बायकोचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे तिचा पदर ओढण्यासारखंच, असं आमच्याकडे मानतात. भांडणात कुणी कुणाच्या बायकोचं नाव काढलं तर डोकी फुटतात.

"हे काय, सगळ्या गावाचं का?" पोती बघून रतीबा म्हणाली.

"माझ्या खात्याचं. शनिवारी डॉक्टरबाई येणार आहेत. तुझ्या हातचं धुणं त्यांना दिसू दे की."

तिला ते बरं वाटलं. हे सांगितलंच पाहिजे, कारण नंतर मेतवल्लीला सगळ्यात जास्त तेच टोचलं. ती खुशीनं बसली. शुक्रवारी सकाळी गच्चीवर मोठं ॲल्युमिनियमचं घमेलं मांडलं, स्टोव्हवर पाणी तापवलं, बुटक्या पाटावर बसली आणि बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. डांगऱ्यांच्या खिशांत, शिवणींत, कॉलरीच्या आत पांढरी पावडर साचलेली असे. ती आधी एकेक झटकायची, मग भिजवायची, मग उघड्या हातांनी घासायची. मेतवल्ली जुम्म्याच्या नमाजाहून आला आणि कबुतरांच्या खुराड्याच्या सावलीत चहा घेत बसला. पाणी दुधासारखं पांढरं होऊन मोरीतून वाहत होतं. त्यानं ते पाहिलं, आणि पाहून म्हणाला, "त्या तिसऱ्या डांगरीची कॉलर राहिलीय बघ."

संध्याकाळपर्यंत गच्चीवर दोन दोरींवर अठरा निळ्या डांगऱ्या फडकत होत्या. शेजारीण आपल्या गच्चीवरून म्हणाली, "उम्म शौकी, ईद आहे की काय?" रतीबा हसली आणि पदराला हात पुसत राहिली. हात लाल झाले होते. रात्री तिनं त्यांना तेल लावलं.

शनिवारी मोजणी झाली. मेतवल्लीनं त्या दिवशी मोजे घातले, मास्क घातला, आणि पोरांनाही घालायला लावला. कमरेला पंप गुणगुणत होते. कुणीतरी म्हणालं, आज सगळेच फवारे झालो, आणि लुत्फीकडे पाहून हसलं. डॉक्टरबाई एकेकाच्या छातीवर, दंडावर, मांडीवर पट्ट्या चिकटवत गेल्या. मेतवल्लीपाशी आल्या तेव्हा थांबल्या.

"रय्यिस, इतक्या स्वच्छ डांगऱ्या मी कुठल्याच कारखान्यात पाहिल्या नाहीत."

"आमचं खातंच तसं आहे, बाई," मेतवल्ली म्हणाला. त्याची छाती पट्टीसकट फुगली.

संध्याकाळी प्रत्येकाला एक तपकिरी बाटली मिळाली. आत्तापासून उद्या सकाळपर्यंतची सगळी लघवी हिच्यात, डॉक्टरबाईंनी सांगितलं, एकही वेळ चुकवायची नाही. मेतवल्लीनं बाटली काळ्या पिशवीत घातली आणि घरी येईपर्यंत त्याचा विचार पक्का झाला. एक दिवस मोजे घातल्यानं अंगातलं वर्षाचं थोडंच जाणार होतं? उलट घरात एक बाई अशी होती की जिनं कारखान्याचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. पहाटे उठून नमाज पढणारी, आपल्या चुलीचं खाणारी. तिच्याहून स्वच्छ कोण असणार?

"कंपनी घरच्यांची साखर तपासतेय," तो रतीबाला म्हणाला. "फुकट. ह्या बाटलीत सकाळपर्यंतचं सगळं जमव."

रतीबाची आई साखरेनं गेली होती, पाय कापावा लागला होता. गेले काही महिने रतीबाच्या बोटांना मुंग्या यायच्या, सुई हातातून निसटायची, डोकं जड व्हायचं. ती हे कुणाला बोलली नव्हती. तिनं बाटली दोन्ही हातांत घेतली. "कंपनीला आमची आठवण आली म्हणायची," ती म्हणाली. "देव भलं करो त्यांचं."

तिनं एकही वेळ चुकवली नाही. सकाळी बाटली पुसून, फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. मेतवल्लीनं ती आपल्या नावाच्या खोक्यात ठेवली आणि वर लुत्फीला म्हणाला, "तुझी नीट बंद कर बाबा, वाटेतलं गवत मरेल."

निकाल यायला तीन आठवडे लागले. डॉक्टरबाई आल्या, आणि त्यांनी आधी मेतवल्लीला एकट्याला बोलावलं.

"बसा, रय्यिस."

"उभाच ठीक आहे, बाई."

"बसा तुम्ही." त्यांनी दार लोटलं. "तुमचा आकडा फार जास्त आहे. मागच्या वर्षी लुत्फीचा होता त्याच्या दुपटीहून वर."

मेतवल्ली हसला. खरंच हसला, कारण त्याला वाटलं यंत्र बिघडलं. "बाई, काहीतरी घोटाळा आहे. असं होणंच शक्य नाही."

"मलाही कोडं पडलंय. मी दोनदा तपासून घेतला. तुमच्या गाळणीत फारसं काही नाही. पट्ट्यांवर नाही. तुमचे हात धुऊन घेतले होते त्या पाण्यातही नाही. म्हणजे हे खात्यातून गेलेलं नाही. मोजणीच्या आधी एकदोन दिवसांत तुम्ही कुठंतरी उघड्या हातांनी ही पावडर भरपूर हाताळलीय, तीही ओली. ओली असली की कातडीतून झरझर आत जाते. आठवा बरं."

आठवायला काही लागलंच नाही. घमेलं समोर आलं, ते दुधाळ पाणी, कोपरापर्यंत ओले लाल हात, आणि सावलीत बसून कॉलर दाखवणारा तो स्वतः. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला त्या खुर्चीवर कळलं. तो गेला होता झाकायला आणि हात दाखवून अवलक्षण करून बसला होता, आणि हातही स्वतःचा नव्हता.

"कपडे घरी नेता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही. लाँड्रीत." तोंडातून सवयीनं निघून गेलं.

"बरं. पुढच्या शनिवारी गाडी आणते. दोन दिवस इस्पितळात राहावं लागेल. रक्त, मूत्रपिंडं, हातापायांच्या नसा, सगळं बघायला हवं. बोटांना मुंग्या येतात का? वस्तू हातातून पडतात?"

"मला नाही," मेतवल्ली म्हणाला.

"यायला लागल्या तर एक दिवसही थांबू नका."

बाहेर आला तेव्हा सगळ्या खात्याला कळलेलं होतं. कारखान्यात भिंतींना कान नसतात, नुसतीच तोंडं असतात. त्यानं वाट पाहिली की आता कुणीतरी बरसीमचं नाव काढेल. कुणी काढलं नाही. पोरांनी त्याच्यासाठी बाकावर जागा केली. लुत्फीनं चहाचा पेला भरून त्याच्यापुढे ठेवला.

"गेटवर वारा चांगला येतो, रय्यिस," लुत्फी म्हणाला. "डाव्या अंगाला बसा, दुपारी ऊन लागत नाही. एक उशी आहे माझी तिथं, ती घ्या."

त्यात टोमणा असता तर मेतवल्लीला सोसला असता. नव्हता, म्हणून त्यानं पेला भरलेलाच ठेवला.

घरी आला तर रतीबानं त्याच्या चहात साखर घातली आणि आपला बिनसाखरेचाच ओठाला लावला. बाटली दिल्या दिवसापासून ती असाच पीत होती. "निकाल येईपर्यंत नको," ती म्हणायची. गोडाची तिला केवढी आवड, चहा म्हणजे तिला काकवीच लागायची.

"आला का हो निकाल, अबू शौकी?"

"नाही अजून."

"डॉक्टरबाई आल्या होत्या ना आज?"

"सांगितलं ना, नाही आला."

तिच्या हातातून बशी सुटली आणि फरशीवर फुटली. ती तुकडे वेचायला बसली. बोटं तुकड्यांच्या आजूबाजूला चाचपत होती, नेमकी त्यांच्यावर पडत नव्हती. मेतवल्लीनं वाकून तुकडे वेचले. तीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं, म्हणून ती उलट घाबरली.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, आजपासून डांगरी लाँड्रीत देणार. त्याला वाटलं, एवढ्यानं निस्तरेल. कपडे घरात येणं बंद, विष येणं बंद, आणि झाकली मूठ झाकलेली राहील. रतीबाचा चेहरा उतरला.

"माझं काय चुकलं? कॉलर राहते का?"

"काही चुकलं नाही."

"मग लोक काय म्हणतील, मुकादमाची बायको मेली का?"

"नियम आहे कंपनीचा."

"नियम तेव्हाही होता," ती म्हणाली आणि साबणाची वडी फडताळात ठेवून आली.

बुधवारी तिला चक्कर आली, आणि बोटांच्या मुंग्यांचंही तिनं त्याला तेव्हाच सांगितलं. मेतवल्ली तिला घेऊन कालव्याजवळच्या क्लिनिकमध्ये गेला. तिथला डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण वाईट नव्हता. त्यानं तिची बोटं टोचून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हातानं काही रसायन वगैरे हाताळतात का ह्या? काम काय करतात?"

रतीबा नवऱ्याकडे बघायला लागली. परक्या पुरुषाला उत्तर नवऱ्यानं द्यायचं, ही रीत. मेतवल्लीच्या जिभेवर खरं आलं होतं. पण बाकावर बाहेर कारखान्यातले दोघं बसले होते, दार उघडं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. बाटलीपासून.

"काही नाही," तो म्हणाला. "घरीच असते."

रतीबानं नजर खाली केली.

"मग साखर असेल," डॉक्टर म्हणाला. "रक्त देऊन जा."

"साखर कारखान्यानं तपासलीय," रतीबा पहिल्यांदाच बोलली. "निकाल यायचाय. पुन्हा कशाला रक्त?"

"मग तो घेऊन या. तोवर गोड नको, भाकरी कमी."

वाटेत कालव्याकाठी तिनं त्याचा दंड धरला, कारण पावलं सरळ पडत नव्हती. मेतवल्लीला इतकी लाज वाटत होती की तो तिच्याकडे बघू शकला नाही. अंगात कुणाच्या काय शिरलंय हे त्याला ठाऊक होतं, औषध कुठं आहे हेही ठाऊक होतं, आणि शनिवारी गाडीत बसून इस्पितळात जाणार होता तो धडधाकट माणूस. तिथं त्याचं रक्त काढणार, त्याच्या नसा तपासणार, आणि ठणठणीत आहात म्हणून परत पाठवणार. इकडे ही बिनसाखरेचा चहा पीत मरणार. गेट काय, फवारा काय, असलं काहीबाही टाळायला त्यानं हे केलं होतं.

शनिवारी गाडी आली. मेतवल्ली दवाखान्याच्या खोलीत गेला आणि या वेळी दार त्यानं स्वतः लोटलं.

"बाई, ती बाटली माझी नव्हती."

डॉक्टरबाई लिहीत होत्या. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"घरच्यांची होती," तो म्हणाला. मग डांगऱ्यांचं सांगितलं, घमेल्याचं सांगितलं, मुंग्यांचं, बशीचं, क्लिनिकमध्ये काय बोलला तेही. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबला नाही.

डॉक्टर शाहिनाझ रागावतील, ओरडतील, असं त्याला वाटलं होतं, आणि त्यानं बरंच वाटलं असतं.

"मीच म्हणाले होते," त्या म्हणाल्या, "इतक्या स्वच्छ डांगऱ्या कुठं पाहिल्या नाहीत. कोणी धुतल्या, हे विचारायचं सुचलं नाही मला. अठरा माणसांना पंप लावले आणि सगळ्यात जास्त विष जिच्या हाताला लागलं ती गच्चीवर." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणखी कुणाकुणाच्या घरी जातात कपडे?"

"सगळ्यांच्याच. आपापले."

"मी विचारलं तर सांगतील?"

"नाही. लाँड्री म्हणतील. मीच पढवलंय."

"मग तुम्हीच सांगा त्यांना, रय्यिस. मी त्यांच्या बायकांना तपासायला बोलावलं तर एकही येणार नाही. तुम्ही स्वतःचं सांगितलंत तर कदाचित येतील."

मेतवल्लीला वाटलं होतं, दार लावून सांगितलं की सुटलो. त्यानं दार उघडलं.

चहाची वेळ होती. खोलीत सगळे होते, लुत्फी दाराशी. मेतवल्ली नेहमीच्या जागेवर बसला नाही, भिंतीशी उभा राहिला. मागच्या वर्षी बरसीमचा विनोद केला तेव्हाही तो तिथंच उभा होता.

"माझा आकडा जास्त आला असं तुम्ही ऐकलंत," तो म्हणाला. "तो माझा नाही. मी बाटली बदलली. गेटवर बसावं लागेल म्हणून भ्यालो. मी दुसऱ्याची लघवी माझ्या नावानं दिली."

कुणीतरी खाकरलं. एकानं हळूच विचारलं, "कुणाची, रय्यिस?"

'घरच्यांची' म्हणता आलं असतं. डॉक्टरबाईंना तसंच सांगितलं होतं. पण घर म्हणून घराला मुंग्या येत नाहीत, आणि घराचं रक्त काढता येत नाही. आतापर्यंत ती कुणीच नव्हती म्हणून तर हे सगळं झालं होतं.

"रतीबाची," तो म्हणाला. "माझी बायको, रतीबा. तुम्ही मोजणीला घालून आलात त्या अठराही डांगऱ्या तिनं उघड्या हातांनी धुतल्या. मी समोर चहा पीत बसलो होतो. आता तिच्या हातात बशी राहत नाही."

पुरुषांनी माना खाली घातल्या. आमच्याकडे दुसऱ्याच्या बायकोचं नाव कानावर पडलं तर ऐकलं नाही असं दाखवायची पद्धत आहे. पण हे ऐकलं नाही असं दाखवायला जागाच नव्हती. प्रत्येक जण आपल्या अंगावरच्या निळ्या कापडाकडे बघत होता.

"माझीही होती त्यात," लुत्फी म्हणाला. "मी वरच्या खिशात तंबाखूची पुडी विसरलो होतो. त्यांनी ती वाळवून परत पाठवली."

मेतवल्लीनं त्याच्याकडे पाहिलं. "लुत्फी, तुला मी जे बोललो होतो—"

"असू दे, रय्यिस," लुत्फी म्हणाला. "घरी जा आधी."

तो बाहेर पडताना मागे दवाखान्याच्या दाराशी कुणीतरी डॉक्टरबाईंना हळू आवाजात विचारत होतं, बाटली मिळेल का एक, आणि नाव कानात सांगितलं तर चालेल का.

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मेतवल्ली एकटा वर गेला. रतीबा स्टोव्हपाशी होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. या वेळी सगळ्यात अवघड गेलं. चहा उकळत राहिला.

"म्हणजे ती बाटली साखरेची नव्हती," शेवटी ती म्हणाली.

"नव्हती."

"आणि मी महिनाभर हा कडू काढा पितेय."

"हो."

"माझीच का दिलीत?"

"मला वाटलं तुझ्या अंगात काही नसणार. तू स्वच्छ."

तिनं हात उलटेसुलटे करून पाहिले. बोटांच्या पेरांना चिरा होत्या. "ते जाऊ दे," ती म्हणाली. "बाटलीचं जाऊ दे. तुम्हाला माहीत नव्हतं. पण बुधवारी त्या डॉक्टरनं विचारलं, मी काय काम करते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

मेतवल्लीनं हात पुढे करून स्टोव्ह बारीक केला.

"तुम्ही म्हणालात, काही नाही. मला वाटलं, खरंच तसंच वाटतं तुम्हाला. तीन दिवस मी तेच घोकतेय, काही नाही, घरीच असते."

"रतीबा—"

"नावानं हाक मारताय आता."

"कारखान्यात सगळ्यांसमोर घेतलं," तो म्हणाला. "तुझं नाव. तू धुतल्यास म्हणून सांगितलं."

तिनं स्टोव्ह बंद केला. मग दोन पेल्यांत चहा गाळला. साखरेचा डबा काढला, आपल्या पेल्यात चमचा घातला, पुन्हा घातला, पुन्हा घातला, अर्धी साखर थरथरत्या हातानं बाहेर सांडली तरी घालत राहिली. त्याच्या पेल्यात काही घातलं नाही. पेला तसाच त्याच्यापुढे सरकवला. मेतवल्ली तो प्यायला, सगळा, तळापर्यंत.

जिन्यावरून उतरताना तिनं त्याचा हात धरला नाही, भिंत धरली. गल्लीत बायका दारांत उभ्या होत्या. गाडीच्या दाराशी डॉक्टरबाई नवी बाटली आणि चिकटवायची चिठ्ठी घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, नाव काय लिहू, आणि नेहमीप्रमाणे मेतवल्लीकडे पाहिलं.

"रतीबा," ती स्वतःच म्हणाली.

"आणि काम?"

"कारखान्याच्या डांगऱ्या धुते," रतीबा म्हणाली. "तीस वर्षं झाली."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. मेतवल्ली तिची पिशवी धरून बाजूला उभा होता, आणि त्यानं मान वर केली नाही.